नंदादेवी: चार दशके बंद असलेला डोंगर पुन्हा उघडावा का?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

हिमालयातल्या ट्रेकचे धागे इथे सतत निघतात, पण नंदादेवीवर स्वतंत्र चर्चा मला सापडली नाही, म्हणून हा धागा.

उंची ७,८१६ मीटर. कांचनजंगेनंतर देशातले दुसऱ्या क्रमांकाचे शिखर म्हणून ते ओळखले जाते. पण या डोंगराचे वेगळेपण उंचीत नाही, जागेत आहे. मुख्य शिखराभोवती सुमारे ११० किलोमीटर घेराचे पर्वतांचे कडे आहे. त्यात ६,४०० मीटरच्या वरची डझनभर शिखरे आहेत: दुनागिरी, चांगबांग, कलंका, हरदेवल, त्रिशूळ, देवतोली, मैकतोली. हे कडे सहसा ५,२०० मीटरच्या खाली येत नाही. पश्चिमेला ऋषिगंगेने कापलेली घळई तेवढी आत जाते, आणि तीही इतकी अरुंद आणि उभी की १९३४ पर्यंत त्या वाटेने आतल्या खोऱ्यात कोणी पोहोचल्याची नोंद नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर हा एकाच दरवाजाचा किल्ला आहे, आणि बालेकिल्ल्याच्या जागी नंदादेवी.

१९७४ मध्ये परदेशी मोहिमांना परवानगी मिळाली आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत तिथे इतकी गर्दी झाली, इतकी जाळपोळ आणि कचरा झाला की १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर करून १९८३ पासून गाभा पूर्ण बंद केला गेला. गिर्यारोहकांना, ट्रेकरांना आणि खालच्या गावांतल्या मेंढपाळांनाही. पुढे १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आले. पुन्हा उघडण्याची चर्चा अधूनमधून होत असते.

माझे मत आधीच सांगतो. शिखर-मोहिमांसाठी हा डोंगर बंदच राहावा. मात्र ज्यांच्या गावातून ती वाट जाते त्यांना बंदीच्या एकाच दोरीने बांधणे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटते? अभ्यास असलेल्यांनी भूगोल, हवामान, चढाईचा इतिहास यावरही लिहावे. सविस्तर लिहा, घाई नाही.

मुग्धा_नाशिक

छान विषय. एक शंका: हे गोल कडे म्हणजे जुन्या ज्वालामुखीचे तोंड आहे का? नकाशात अगदी तसे दिसते.

सह्यवेडा

माझे मत उलट आहे. उघडावा. देशातला इतका मोठा डोंगर आणि आपल्या पोरांनी तो फक्त औलीच्या गच्चीवरून बघायचा? एव्हरेस्टवर रांगा लागतात त्या चालतात. नियम करा, वर्षाला दोन मोहिमा सोडा, प्रत्येक संघाकडून मोठी अनामत घ्या, कचरा खाली आणला तरच परत द्या. कुलूप लावणे हा व्यवस्थापनाचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

भूगोलबाई

मुग्धा, ज्वालामुखीचा काही संबंध नाही. दोन भूखंडांच्या रेट्यात वर आलेले हे खडक आहेत, मुख्यतः रूपांतरित, आणि त्यांना आकार दिला आहे हिमनद्यांनी. मुख्य शिखराच्या दोन्ही अंगांना त्या आहेत: उत्तरेला उत्तरी नंदादेवी, उत्तरी ऋषी आणि चांगबांग हिमनदी, दक्षिणेला दक्षिणी नंदादेवी आणि दक्षिणी ऋषी. यांचे सगळे पाणी ऋषिगंगेत येते. ऋषिगंगा रैणी गावाजवळ धौलीगंगेला मिळते आणि धौली विष्णुप्रयागला अलकनंदेला. म्हणजे त्या बंद खोऱ्यातला बर्फ शेवटी गंगेत जातो.

कड्याची पूर्व बाजू निराळी. तिकडचे पाणी गोरीगंगेला जाते, म्हणजे मिलम आणि मुनस्यारीच्या बाजूला. नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटरचे जोडशिखर याच कड्यावर आहे. मुख्य शिखर आणि पूर्व शिखर यांना जोडणारी धार साधारण दोन किलोमीटरची, पण ती कुठेही फारशी खाली उतरत नाही.

हवामानाबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण मोहिमांच्या गोष्टींत ते नेहमी "वादळ आले" एवढ्यावर संपते. कड्यामुळे आतल्या खोऱ्याला स्वतःचे हवामान आहे. एरवी कोरडे, वार्षिक पाऊस कमी. पण जूनअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मोसमी पावसाचा जोर आतही पोहोचतो. त्या काळात धुके आणि खाली उतरलेले ढग खोऱ्यात साचून राहतात आणि माती ओली ठेवतात. म्हणून हिमालयाच्या आतल्या कोरड्या खोऱ्यांत सहसा दिसत नाही इतकी हिरवळ इथे आहे. वर्षातले जवळपास सहा महिने बर्फ असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर तो जास्त जाड आणि जास्त काळ टिकणारा, कारण ऊन लागत नाही.

चढाईसाठी याचा अर्थ असा की दोन खिडक्या मिळतात. मे-जून, म्हणजे पावसाच्या आधी, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिल्या खिडकीत हिवाळ्याचा बर्फ अजून उतारांवर लटकलेला असतो आणि दुपारच्या उन्हात सैल होतो. दुसरीत आकाश स्वच्छ, पण दिवस लहान आणि वारा बोचरा.

मुग्धा_नाशिक

धन्यवाद बाई! वर्गात बसल्यासारखे वाटले, आणि हे मनापासून म्हणतेय.

हिमरेषा

भूगोल झाला, आता इतिहास. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे लांबेल.

इथे शिखर चढण्याआधी पन्नास वर्षे पायथ्याशी पोहोचण्यात गेली. १८८३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहॅम या इंग्रजाने ऋषिगंगेच्या घळईतून वर जायचा प्रयत्न केला आणि माघारी फिरला. टॉम लाँगस्टाफ या डॉक्टरने १९०५ मध्ये उलट्या बाजूने, पूर्वेकडून, सुमारे ५,९०० मीटरच्या एका खिंडीवर चढून आत डोकावून पाहिले. उतरता मात्र आले नाही. ती खिंड आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. दोन वर्षांनी त्याने कड्यावरचे त्रिशूळ (७,१२० मीटर) चढले. तोवर माणसाने चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते. मग कुमाऊंत प्रशासनात असलेले ह्यू रटलेज १९२६, १९२७ आणि १९३२ मध्ये वेगवेगळ्या बाजूंनी धडकले, तिन्ही वेळा कड्याने परतवले.

१९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन आले. बरोबर तीन शेर्पा: आंग थारके, पासांग आणि कुसांग. पाच माणसे, मोजका शिधा, गाजावाजा नाही. घळईचा शेवटचा टप्पा हा सगळा खेळ होता. एका कपारीवरून दुसऱ्या कपारीवर, खाली नदी गर्जते आहे, पुढची कपार मागचीला जोडलेली आहे की नाही हे तिथे पोहोचेपर्यंत कळत नाही. ते आत शिरले, नकाशासाठी पाहणी केली, पावसाळ्यात बाहेर पडले आणि पाऊस सरताना परत आत गेले. त्या खेपेला शेवटी ते दक्षिणेकडच्या सुंदरढुंगा खिंडीवरून उतरले. ती उतराई काय होती हे सुंदरढुंगाच्या दरीत जाऊन मान वर केली की कळते.

शिखर चढले गेले १९३६ मध्ये. ब्रिटिश आणि अमेरिकन गिर्यारोहकांची संयुक्त मोहीम. माथ्यासाठी चार्ल्स ह्यूस्टन आणि नोएल ओडेल ही जोडी ठरली होती. वरच्या तळावर डबाबंद मांस खाऊन ह्यूस्टनला विषबाधा झाली, तो खाली उतरला आणि त्याच्या जागी टिलमन वर गेला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी ओडेल आणि टिलमन माथ्यावर उभे राहिले. त्याच वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेत दोघांनाही घेतले नव्हते! टिलमनला उंची मानवत नाही असे कारण होते, ओडेल पंचेचाळिशीचा म्हणून. आणि यांनी जे केले तो चढलेल्या शिखरांतला उच्चांक पुढे १९५० मध्ये अन्नपूर्णा होईपर्यंत टिकला.

मला या मोहिमेत सगळ्यात जास्त काय भावते, तर तिचा आकार. छोटा संघ, ऑक्सिजन नाही. डोंगराला वेढा घालून नमवायचे ही कल्पनाच त्यात नव्हती. माझे स्पष्ट मत आहे की नंदादेवीवर नंतर जे वाईट झाले ते ही रीत सोडल्यामुळे झाले.

रानजाई

पंचेचाळीस वर्षांचे म्हणून नाकारले आणि ते थेट माथ्यावर! आमच्या ट्रेक ग्रुपमधल्या सगळ्या काकांना ही पोस्ट पाठवली आहे. एक काका लगेच नवीन बूट बघायला निघाले.

हिमरेषा, शेर्पांबद्दल अजून लिहा ना. त्यांची नावे नेहमी अशी ओझरती येतात.

हिमरेषा

@रानजाई, अगदी योग्य बोललात. आंग थारके पुढे कितीतरी मोहिमांचे सरदार, म्हणजे शेर्पांचे प्रमुख, झाले, १९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेचेही. १९३६ च्या मोहिमेत कितार नावाचा जुना, अनुभवी शेर्पा होता. तो आजारी पडून तिथेच वारला. माथ्याची तारीख सगळ्यांना पाठ असते, कितारचे नाव क्वचित कोणी घेते.

आणि तेनझिंग नोर्गे. १९५१ मध्ये रॉजर दुप्ला आणि जिल्बेर विन्ये या फ्रेंच गिर्यारोहकांनी मुख्य शिखरावरून धारेने पूर्व शिखरावर जायचे ठरवले. ते मुख्य माथ्याच्या दिशेने वर जाताना दिसले आणि मग कधीच दिसले नाहीत. त्यांचा शोध घ्यायला तेनझिंग आणि लुई द्युबो पूर्व शिखरावर चढले. त्या शिखरावर तोवर एकदाच, १९३९ मध्ये, याकुब बुयाक आणि यानुश क्लार्नर हे पोलिश गिर्यारोहक पोहोचले होते. दोन वर्षांनी एव्हरेस्ट चढलेल्या तेनझिंगने नंतर सांगितले की आपली सर्वांत अवघड चढाई नंदादेवी पूर्वची होती. शोधासाठी केलेली चढाई होती ती, विक्रमासाठी नव्हे.

ती धार शेवटी १९७६ मध्ये जपानी गिर्यारोहकांनी पार केली. भारतीयांची मुख्य शिखरावरची पहिली चढाई १९६४ ची, नवांग गोम्बू आणि दावा नोरबू, नेते एन. कुमार. मधली अठ्ठावीस वर्षे त्या माथ्यावर गेलेले आणि परत आलेले कोणी नव्हते.

पेठकर

मुख्य गोष्ट कोणीच बोलत नाहीये. अमेरिकेने तिथे अणुयंत्र ठेवले आणि ते हरवले. खरे कारण ते आहे बंदीचे. २०२१ चा पूर पण त्यामुळेच आला, यंत्राच्या उष्णतेने हिमनदी वितळली. गंगेच्या पाण्यात प्लुटोनियम येणार एक दिवस.

अणुरेणू

पेठकर, यातला पहिला भाग खरा आहे, पण दुसरा आणि तिसरा वेगवेगळे तपासावे लागतील. विषय गंभीर आहे म्हणून नीट लिहितो.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने लोप नोर येथे पहिली अणुचाचणी केली. पुढच्या चाचण्यांवर लक्ष ठेवायला अमेरिकेच्या सीआयएने आणि आपल्या गुप्तचर विभागाने मिळून नंदादेवीच्या माथ्यावर एक संवेदन-यंत्र बसवायचे ठरवले. त्याला वीज पुरवायला प्लुटोनियमवर चालणारा जनित्र-संच होता. हा बॉम्ब नव्हे. प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज तयार होते, एवढेच. १९६५ च्या शरद ऋतूत एम. एस. कोहलींच्या नेतृत्वाखाली संघ वर गेला. हवामान बिघडले, आणि संच वरच्या एका तळाजवळ खडकाला बांधून सगळे खाली आले. १९६६ च्या वसंतात परत गेले तेव्हा तो भाग खचून गेलेला होता आणि संच नव्हता. पुढच्या शोधांतही मिळाला नाही. १९६७ मध्ये शेजारच्या नंदाकोटवर दुसरा संच बसवला, तो काही काळ चालला आणि नंतर उतरवला.

१९७८ मध्ये ही बातमी अमेरिकेत फुटली आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत ती मान्य केली. शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. तिला पाण्यात किरणोत्सर्गाचा मागमूस आढळला नाही.

आता २०२१. ७ फेब्रुवारीला सकाळी रोंटी शिखराच्या उत्तर उतारावरून खडक आणि बर्फ यांचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा प्रचंड तुकडा सुटला. त्यात साधारण ऐंशी टक्के खडक आणि वीस टक्के हिमनदीचा बर्फ होता. जवळपास १,८०० मीटर खाली तो रोंटी गाडच्या दरीत आदळला. घर्षणाने बर्फाचे पाणी झाले आणि गाळ-दगडांचा लोंढा ऋषिगंगेतून धौलीत उतरला. आधी ऋषिगंगेवरचा जलविद्युत प्रकल्प गेला, मग तपोवनचा. दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, त्यातले बरेच बोगद्यात काम करणारे मजूर. उपग्रहांच्या छायाचित्रांत तो तुकडा जिथून सुटला ती खाच स्वच्छ दिसते. रोंटी नंदादेवीच्या कड्याबाहेर, त्रिशूळ आणि नंदाघुंटीच्या बाजूला आहे. ज्या उतारावर संच ठेवला होता त्याचा या जागेशी संबंध नाही.

रैणीच्या लोकांना मात्र तेव्हा पहिली शंका त्या यंत्राचीच आली होती. आणि मी त्यांना दोष देणार नाही. ज्यांच्या डोक्यावर ते ठेवले त्यांना कोणी विचारले नव्हते, तेरा वर्षे सांगितलेही नव्हते.

पेठकर

खडक-बर्फाचे कारण पटले. पण संच अजून तिथेच कुठेतरी आहे ना? मग पाण्याची तपासणी नियमित व्हायला हवी, आणि आकडे लोकांसमोर हवेत. एवढे तरी मान्य कराल.

अणुरेणू

पूर्ण मान्य.

प्राजक्ता_डेहराडून

मी लग्नानंतर डेहराडूनला आले आणि कामानिमित्त चमोलीत वारंवार जाणे होते. इथे सगळे शिखराबद्दल बोलत आहेत, मी थोडे खालच्या गावांबद्दल लिहिते.

ऋषिगंगेच्या तोंडाशी रैणी आणि लाता ही गावे आहेत. भोटिया समाजाची. १९६२ पर्यंत तिबेटशी व्यापार हा यांचा मुख्य आधार होता, तो युद्धाने संपला. मग उरली मेंढरे, थोडी शेती, रानातली जडीबुटी आणि मोहिमांबरोबर ओझी वाहणे.

२६ मार्च १९७४ ला रैणीत ठेकेदाराची माणसे झाडे तोडायला आली तेव्हा गावातले पुरुष चमोलीला गेलेले होते. गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी झाडांना कवटाळून त्यांना परत पाठवले. चिपकोचा हा सर्वांत गाजलेला प्रसंग. आता पुढचे बघा: त्याच १९७४ मध्ये वरचे खोरे परदेशी मोहिमांना उघडले. खाली बायका जंगल वाचवत होत्या आणि वर मोहिमांच्या चुलींसाठी जुनिपर आणि भोजपत्र तोडले जात होते. आणि १९८३ मध्ये जी बंदी आली ती सगळ्यांना सारखी लागली. मोहिमवाले दुसऱ्या डोंगरावर गेले. लाताच्या मेंढपाळाला दुसरा डोंगर नव्हता. पिढ्यानपिढ्या चराईला नेलेली धरांशीची कुरणे आणि डिब्रूघेटा एका आदेशाने परके झाले.

१९९८ मध्ये लाताच्या लोकांनी 'झपटो-छीनो' आंदोलन केले, आपली मेंढरे घेऊन बंद क्षेत्रात शिरले. नंतर २००१ मध्ये गावांनी मिळून स्वतःचा जाहीरनामा काढला: पर्यटन आले तर आमच्या हातून, आमच्या अटींवर. त्यानंतर डिब्रूघेटापर्यंत मर्यादित संख्येने, स्थानिक वाटाड्याबरोबर जाता येऊ लागले. त्यापुढे नाही.

त्यामुळे 'उघडा' की 'बंद ठेवा' हा प्रश्न इथून वेगळा दिसतो. कोणासाठी, हे आधी ठरवा.

सह्यवेडा

प्राजक्ताताई, हे मला माहीत नव्हते. तरी माझा मुद्दा राहतोच. मोहिमा आल्या तर लाताच्या पोरांनाच काम मिळेल ना? गाईड, स्वयंपाकी, खेचरवाले.

प्राजक्ता_डेहराडून

मिळेल, दादा. पण १९७४ ते ८२ मध्येही मिळत होते. ओझ्याची मजुरी गावात आली, जंगल गेले, आणि बंदीचा फटका पुन्हा गावालाच बसला. संख्या आणि अटी गाव ठरवणार असेल तर मी तुमच्या बाजूने. दिल्ली किंवा डेहराडून ठरवणार असेल तर नाही.

भूगोलबाई

बंदीचा फायदा झाला हे मात्र नोंदवायला हवे. १९९३ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांची मोहीम शास्त्रज्ञांना घेऊन आत गेली. त्यांनी जुन्या मोहिमांचा कचरा मोठ्या प्रमाणात खाली आणला आणि शिखरही चढले. त्या पाहणीत आणि २००३ च्या पाहणीत वनस्पती सावरल्याचे दिसले. हिमबिबट्या, कस्तुरीमृग, भरल तिथे आहेत. दहा वर्षांनी एकदा अभ्यासक आत जाणे मला योग्य प्रमाण वाटते.

दुर्गभ्रमंती

मुंबईचा एक दुवा राहिला. १९७४ मध्ये मुंबईच्या गिर्यारोहकांचा संघ याच कड्यावरच्या देवतोलीवर (६,७८८ मीटर) गेला होता. उतरताना हरीश कपाडिया हिमभेगेत पडले आणि कमरेचा सांधा निखळला. त्या खोऱ्यातून बाहेर यायची वाट वर हिमरेषांनी लिहिलीच आहे. साथीदारांनी त्यांना तेरा दिवस वाहून बेस कॅम्पपर्यंत आणले, तिथून हेलिकॉप्टरने सोडवले. पुढे दोन वर्षे कुबड्या. आणि त्यानंतर त्यांनी हिमालयात जे काम केले, जितकी अनोळखी खोरी पालथी घातली, ते सगळ्यांना माहीत आहे.

नवीन मुलांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. आपण कळसूबाई-अलंग-मदनवर सराव करतो तो ठीक, पण हिमालयात जखमी माणूस खाली आणणे हे चढण्यापेक्षा मोठे कौशल्य आहे, आणि त्याचा सराव फार थोडे गट करतात.

रानजाई

+१. स्ट्रेचर बांधायला आमच्या गटात दोघांनाच येते. पुढच्या रविवारी सगळ्यांना शिकवायला लावते.

मुग्धा_नाशिक

शोधत होते तर नंदादेवी अनसोल्डबद्दल वाचले आणि सुन्न झाले. अमेरिकन गिर्यारोहक विली अनसोल्ड तरुणपणी हे शिखर बघून इतका भारावला की मुलीचे नाव नंदादेवी ठेवले. १९७६ च्या भारत-अमेरिका मोहिमेत बाप-लेक दोघे होते. संघातल्या तिघांनी वायव्येकडच्या नव्या वाटेने माथा गाठला, आणि काही दिवसांनी वरच्या तळावर, सुमारे ७,३०० मीटरवर, ८ सप्टेंबरला ती आजारी होऊन गेली. बावीस वर्षांची होती. तिला तिथेच ठेवले.

आणि १९८१ मध्ये तीन भारतीय मुली त्या माथ्यावर पोहोचल्या: रेखा शर्मा, हर्षवंती बिश्त, चंद्रप्रभा ऐतवाल. यांची नावे शाळेत का नसतात?

हिमरेषा

मुग्धा, हर्षवंती बिश्त यांनी नंतर गंगोत्री परिसरात भोजपत्राची झाडे लावण्याचे मोठे काम केले आणि २०२१ मध्ये भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ज्या भोजपत्राबद्दल प्राजक्तांनी लिहिले तेच झाड.

गौराई

थोडे अवांतर, पण मला राहवत नाही. गढवाल-कुमाऊंत नंदा ही लेक आहे. माहेर गावात, सासर वर बर्फात. दर बारा वर्षांच्या आसपास तिची राजजात, म्हणजे यात्रा, निघते, नौटी गावाहून होमकुंडापर्यंत, सुमारे २८० किलोमीटर पायी. पुढे चार शिंगांचा मेंढा, त्याच्या पाठीवर लेकीची ओटी. होमकुंडाला तो मेंढा एकटाच हिमाकडे सोडून देतात. मागची जात २०१४ ची.

आणि दरवर्षीची नंदाष्टमी भाद्रपद शुद्ध अष्टमीला असते. म्हणजे ज्या दिवसांत आपल्याकडे गौरी माहेरी येतात, जेवतात आणि निघतात, त्याच दिवसांत तिकडे नंदेला सासरी पाठवताना बायका रडतात. मी कोकणातली. तिथली गाणी ऐकताना भाषा कळत नव्हती, पण कुठे हुंदका येणार ते कळत होते.

पेठकर

गौराईताई, फार सुंदर. १९३६ मध्ये माथा चढला गेला त्याच सुमारास पिंडर नदीला पूर येऊन थरालीत माणसे गेली आणि देवी कोपली असे लोक म्हणाले, हेही कुठेतरी वाचले आहे.

हिमरेषा

हो, टिलमननेच ते नोंदवून ठेवले आहे.

सह्यवेडा

बरं, एक व्यावहारिक प्रश्न. आत जाता येत नाही हे धरून चालू. मग जवळून बघायची तर कुठून? औली आणि कौसानी झाले आहे.

कातळवाट

@सह्यवेडा, पूर्वेकडून जा. मुनस्यारीहून गोरीगंगेच्या काठाने मिलमच्या वाटेला लागायचे, मार्तोलीला वळायचे आणि ल्वां गाडच्या दरीतून नंदादेवी पूर्वच्या बेस कॅम्पपर्यंत. ती बाजू बंद गाभ्याच्या बाहेर आहे. मुनस्यारीत परवानगी काढावी लागते, सीमा-पोलिसांच्या चौक्यांवर नोंद होते. मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मार्तोलीत नंदेचे देऊळ आहे, आणि १९६२ नंतर ओस पडत गेलेली दगडी घरे. त्या घरांच्या दारांवरचे कोरीवकाम थांबून बघा.

ट्रेक म्हणून तिथपर्यंत ठीक. त्यापुढे लाँगस्टाफची खिंड हे पूर्ण गिर्यारोहण आहे. २०१९ च्या मे महिन्यात त्याच भागातल्या एका अनाम शिखरावर आठ जणांचा संघ हिमप्रपातात गेला. अनुभवी ब्रिटिश मार्गदर्शक मार्टिन मोरन त्यांचे नेते होते. सीमा-पोलिसांच्या गिर्यारोहकांनी सात मृतदेह खाली आणले, तेही अतिशय अवघड परिस्थितीत. भूगोलबाईंनी मे-जूनच्या सैल बर्फाबद्दल लिहिले आहे ते कृपया पुन्हा वाचा.

मूळ प्रश्नावर, इतके सगळे वाचल्यावर माझे मत थोडे नेमके झाले आहे. गाभ्यात मोहिमा नकोत. धरांशी-डिब्रूघेटाची चराई आणि तिथवरचा ट्रेक पूर्णपणे लाता-रैणीच्या ग्रामसभांकडे द्यावा. आणि पाण्याची तपासणी, पेठकर म्हणाले तशी, दरवर्षी जाहीर व्हावी.

सह्यवेडा

मी अजून वर्षाला एका छोट्या मोहिमेच्या बाजूने आहे. १९३४ सारखी: पाच-सहा माणसे, दोर न ठोकता, चूल न पेटवता. मोठ्या मोहिमांना माझाही विरोध आहे आता.

प्राजक्ता_डेहराडून

ही अट मी लातामध्ये मांडून बघते, तिथले लोक काय म्हणतात ते इथे लिहीन. आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी मुक्काम जोशीमठच्या हॉटेलात करण्याऐवजी लातात घरी करा. राजमा त्यांच्या शेतातला असतो, आणि वाटाड्या सकाळी सहाला दारात हजर असतो.

रानजाई

प्राजक्ता, तुला खासगी निरोप पाठवला आहे. ऑक्टोबरला आम्ही काही जणी येतोय, दोन काकाही आहेत.